तीच अक्षरे, निराळे शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही इंग्रजी शब्दांवर बोलायचे." ऐकून मला घामच फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे मी ते तीनच वर्षे शिकले, आणि त्यातले बरेचसे दिवस धानाच्या रोवणीत गेले. पुढे सन २००० पासून आपल्या महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्यामुळे आज आपल्या मुलांना जे पहिलीत येते ते आपल्याला येत नाही, आणि त्यांच्या वहीत डोकावायची आपल्याला चोरी वाटते. अशा बाईने इंग्रजीवर काय बोलावे?

तरी मी होकार दिला. जे सांगणार आहे ते मी कोणत्याही मोठ्या ग्रंथात वाचलेले नाही. ते मुलीच्या अभ्यासाच्या वेळी, चुलीपासून चार हातांवर बसून सापडलेले आहे. आणि त्याच्यामुळे आमच्या घरचे कित्येक महिने अडलेले एक काम सुटले. ते काम कोणते, ते शेवटी सांगते.

आधी आपल्या मराठीपासून सुरुवात करू. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. त्याच्या पापी तोंडातून 'राम' निघेना, म्हणून नारदमुनींनी त्याला 'मरा मरा' म्हणायला सांगितले. म्हणता म्हणता त्याचेच 'राम राम' झाले आणि वाल्याचा वाल्मीकी झाला. अक्षरे तीच दोन. एका बाजूने वाचली तर मरण, दुसऱ्या बाजूने वाचली तर देव. शब्दात अक्षरे कोणती आहेत याला जितके महत्त्व आहे, तितकेच ती कोणत्या क्रमाने बसली आहेत याला आहे, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले आहे. आपण ते विसरून गेलो एवढेच.

आपल्या घरातच पाहा. 'तवा' उलटा वाचला की 'वात'. 'भजी' उलटी केली की 'जीभ', आणि त्या दोघींचे किती सख्य आहे ते सांगायला नको. 'मका' उलटला की 'काम', 'राधा' उलटली की 'धारा', 'चहा' उलटला की 'हाच'. तीन अक्षरे घेतली तर आणखी मौज. 'मगर' या शब्दातली अक्षरे हलवली की 'गरम' होते. 'कपट' या शब्दातून 'पटक' निघते आणि 'टपक'ही निघते. असे शब्द शोधायला पैसा लागत नाही. तांदूळ निवडता निवडताही होते.

आता इंग्रजीकडे वळू. आमची धाकटी मुलगी त्या वेळी सहावीत होती. तिला शाळेतून अभ्यास मिळाला होता की, दिलेल्या अक्षरांतून जमतील तेवढे इंग्रजी शब्द तयार करा. पोर रडकुंडीला आली होती. माझ्याकडे लग्नाच्या जुन्या पत्रिकांचा गठ्ठा पडला होता. आपल्याकडे पत्रिका टाकून देत नाहीत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूचे मी कात्रीने चौकोनी पत्ते कापले आणि मुलीला म्हटले, "एकेका पत्त्यावर एकेक अक्षर लिही. पाटीवर पुसत बसण्यापेक्षा ही अक्षरेच हलवून पाहू."

पहिले तीन पत्ते घेतले: टी, ई आणि ए. या क्रमाने ठेवले की 'टी', म्हणजे चहा. टी शेवटी नेला, ई-ए-टी, की 'ईट', म्हणजे खाणे. ए पुढे आणला, ए-टी-ई, की 'एट', म्हणजे खाल्ले. तीन पत्त्यांत चहा झाला, खाणे झाले आणि खाऊनही झाले! मला हसू आले. ज्या इंग्रजीला मी इतकी वर्षे भीत होते, ती माझ्या ओट्यावरच्या तीन वस्तूंसारखी पुढ्यात पडलेली होती.

मग त्या तिघांत एस हा एक पत्ता घातला. एस-ई-ए-टी झाले 'सीट', म्हणजे गाडीत आपण रुमाल टाकून धरतो ती जागा. तीच चार अक्षरे ई-ए-एस-टी अशी मांडली की 'ईस्ट', म्हणजे पूर्व दिशा. त्यात एम घातला तर 'स्टीम' झाले, म्हणजे वाफ. ही वाफ आपल्या गावाला अनोळखी नाही. तिरोड्याच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, मिळून ३३०० मेगावॉट. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोराने चक्र फिरून वीज होते. चहाच्या भांड्यावरचे झाकण जिने थडथडते तीच ही वाफ, फक्त मोठ्या घरची. 'स्टीम'ची पाच अक्षरे हलवली तर 'टीम्स' होते, 'मेट्स' होते, म्हणजे सोबती. शेवटी त्यात आर हा पत्ता घातला, तर 'मास्टर' झाले, आणि त्याच सहा अक्षरांचे 'स्ट्रीम'ही झाले, म्हणजे ओढा. चहापासून निघालो ते वाफेवरून मास्तरांपर्यंत पोचलो, आणि पत्ते किती लागले? सहा!

दुसऱ्या दिवशी एस, टी, ओ आणि पी हे चार घेतले. त्यांतून बसचा 'स्टॉप' निघाला, टपालाचे 'पोस्ट' निघाले, 'स्पॉट' म्हणजे ठिकाण निघाले, आणि आपण कानात घालतो ते 'टॉप्स'सुद्धा निघाले! हे सगळे शब्द आपल्या तोंडी रोज असतात. इंग्रजी येत नाही, येत नाही असे म्हणत आपण दिवसभर ते बोलत असतो. फक्त त्यांची अक्षरे कधी पाहिलेली नसतात.

आता कोणी विचारेल की, बाई, मराठीत 'तवा' उलटवला तर 'वात' असे लगेच वाचता येते. मग इंग्रजीत 'टी' आणि 'ईट' आणि 'एट' यांचे आवाज इतके निराळे का? मलाही हा प्रश्न पडला, आणि विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली. मराठी अक्षर माहेरून सासरी गेले तरी आपला आवाज सोबत घेऊन जाते. 'वा' कुठेही ठेवा, तो 'वा'च राहतो. इंग्रजी अक्षर मात्र ज्या घरी जाईल त्या घरचा आवाज काढते. ई आणि ए ही जोडी पाहा. 'टी'मध्ये ती 'ई' म्हणते, 'ब्रेड'मध्ये 'ए' असा आखूड आवाज काढते, आणि 'ग्रेट'मध्ये लांबवून बोलते. शेवटी बसलेला ई तर घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा. ए आणि टी मिळून 'ॲट' होते. त्यांच्या मागे ई नुसता येऊन बसला की त्याचे 'एट' होते. स्वतः तोंड उघडत नाही, पण दुसऱ्याची बोली बदलून टाकतो! म्हणून इंग्रजी शब्द नुसता ऐकून भागत नाही, त्याची अक्षरे क्रमाने डोळ्यांखालून जावी लागतात.

क्रमाचे महत्त्व आपल्याला का कळू नये? फोडणीत तेल, मोहरी, हिंग, हळद एवढेच तर असते. पण तेल तापायच्या आत मोहरी टाकली तर ती तडतडत नाही, आणि हळद फार आधी पडली तर करपते. जिन्नस तेच, प्रमाण तेच, पण क्रम चुकला की भाजीची चव गेली. शब्दाचेही तसेच आहे.

आणि इंग्रजीत क्रम चुकला तर कशी फजिती होते ते माझ्यावरूनच सांगते. आमच्या बचत गटाच्या हिशेबाच्या नव्या वहीवर मी मोठ्या हौसेने इंग्रजीत 'डायरी' असे लिहिले. डी-आय-ए-आर-वाय असे हवे होते. मी लिहिले डी-ए-आय-आर-वाय. मुलीने वाचले आणि म्हणाली, "आई, तुमच्या गटात म्हशी किती आहेत?" आय आणि ए यांनी जागा बदलल्या आणि वहीची दुधाची डेअरी झाली!

असे जोडीचे शब्द आणखीही आहेत. ते आपल्या कामाचे आहेत म्हणून सांगते. एफ-ओ-आर-एम म्हणजे 'फॉर्म', जो आपण कचेरीत भरतो. एफ-आर-ओ-एम म्हणजे 'फ्रॉम', अर्थात 'कोठून' किंवा 'कोणाकडून'. रेल्वेच्या तिकिटावर आणि टपालाच्या पाकिटावर तो दिसतो. ओ-एन म्हणजे 'ऑन', चालू. उलटे एन-ओ म्हणजे 'नो', नाही. डब्ल्यू-ए-एस म्हणजे 'वॉज', होता. उलटे एस-ए-डब्ल्यू म्हणजे 'सॉ', पाहिले. आणि सभेसाठी एक जोडी: 'लिसन' म्हणजे ऐकणे, आणि त्याच सहा अक्षरांचे 'सायलेंट' म्हणजे गप्प. मंडळाच्या मासिक बैठकीत हे दोन शब्द फळ्यावर लिहून ठेवावेत अशी माझी अध्यक्षबाईंना नम्र सूचना आहे.

अक्षरांच्या पत्त्यांचा हा खेळ मीच प्रथम काढला असे मात्र समजू नका. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स नावाच्या एका वास्तुशिल्पकाचे काम सुटले. रिकाम्या वेळात त्यांनी वर्तमानपत्रे घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले, आणि त्यावरून अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ बसवला. १९४८ साली त्याला 'स्क्रॅबल' हे नाव मिळाले, आणि आज तो जगभर खेळतात. त्यात एकूण १०० सोंगट्या असतात: ई १२, ए ९, आय ९, ओ ८, आणि एन, आर, टी प्रत्येकी ६. जे, के, क्यू, एक्स आणि झेड मात्र एकेकच, आणि दोन सोंगट्या कोऱ्या. घरी पत्ते कापताना मला या हिशेबाचा मोठा उपयोग झाला. आधी मी सव्वीस अक्षरांचे सव्वीसच पत्ते केले होते. दर दोन शब्दांमागे ई कमी पडे. तुम्ही कराल तेव्हा ई भरपूर करा.

कोणी म्हणेल, या वयात आपल्याला इंग्रजी कशाला? सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालवायला घेतली आणि १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला. त्यात त्यांनी इंग्रजी शिका असे आपल्या लोकांना कळवळून सांगितले आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्याला सांगून पावणेदोनशे वर्षे होत आली. मराठी सोडून इंग्रजी धरा असे माझे मुळीच म्हणणे नाही. आपल्या तिरोड्यात मराठी आहे, पोवारी आहे, हिंदी आहे. कुठल्याच बोलीने दुसरीला घराबाहेर काढलेले नाही. इंग्रजीही ओसरीवर येऊन बसली तर बिघडत नाही. आणि ती आपण न बोलावता आलीच आहे. ती औषधाच्या पाकिटावर आहे, विजेच्या बिलावर आहे, आणि आपल्या स्वतःच्या नावात आहे.

नावावरून आता त्या अडलेल्या कामाकडे येते.

माझ्या सासूबाईंचे नाव कमल. त्यांना पेन्शन मंजूर व्हायची होती. कागद दिले, आणि काही दिवसांनी परत आले. "नाव जुळत नाही," एवढेच सांगण्यात आले. कुठे जुळत नाही ते कोणी सांगितले नाही. कोणती कचेरी ते मी सांगत नाही, कोणाला दोष द्यायचा नाही. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा तेच उत्तर. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला जाण्यायेण्याचे भाडे, आणि घरच्यांचा एक दिवसाचा रोज बुडे. त्या पैशांवर सासूबाईंची रक्तदाबाची औषधे अवलंबून होती. चौथ्या खेपेहून आल्यावर त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, सत्तर वर्षं हेच नाव आहे माझं. आता ते माझं नाही म्हणतात. मग मी कोण?" मला उत्तर देता येईना.

त्या रात्री मुलगी पत्ते घेऊन बसली होती. सहज म्हणून तिने आजीचे नाव मांडले. आधारकार्ड पुढ्यात होते, त्यावरून तिने पाच पत्ते लावले: के-ए-एम-ए-एल. कमल. मग म्हणाली, "आई, आता पासबुकावरून लावते." आणि तिला एकही नवा पत्ता घ्यावा लागला नाही. त्याच पाच पत्त्यांतले शेवटचे दोन तिने फक्त इकडचे तिकडे केले: के-ए-एम-एल-ए. कमला!

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहातच राहिलो. अक्षरे सगळी होती, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. म्हणूनच तर इतक्या वेळा पाहूनही कोणाच्या डोळ्याला खटकले नव्हते. मराठीत कमल आणि कमला यांत एका कान्याचा फरक, तो लांबूनही दिसतो. पण इंग्रजीत आपल्या 'अ'लाही ए आणि आपल्या कान्यालाही ए. तिथे कमल, कमाल आणि कामल ही तिन्ही नावे एकाच पोशाखात उभी राहतात. मग बहिणीबहिणींची अदलाबदल व्हायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दोन्ही कागद घेऊन बँकेत गेले. आजवर मी खिडकीशी जाऊन "काय झालं हो साहेब?" एवढेच विचारत असे. त्या दिवशी मी चौथ्या आणि पाचव्या अक्षरावर बोट ठेवले आणि म्हटले, "इथे ए आणि एल यांची अदलाबदल झाली आहे. आधारप्रमाणे दुरुस्त करून द्या." तिथल्या बाईंनी पाहिले, मान हलवली आणि अर्ज दिला. बोट कुठे ठेवायचे ते ठाऊक असले की आवाज आपोआप सरळ निघतो, हे मी त्या दिवशी शिकले. नाव दुरुस्त झाले. कागद पाचव्यांदा दिला तो परत आला नाही.

पैसे जमा झाल्याचा संदेश फोनवर आला तेव्हा त्यात 'क्रेडिट' हा शब्द होता. मुलीने लगेच पत्ते लावले: सी-आर-ई-डी-आय-टी. मग ते हलवून म्हणाली, "बघ आई, यातूनच 'डायरेक्ट' होतं." आणि खरेच होते! सासूबाईंना हे सगळे ऐकून मौज वाटली. त्यांनी आपल्या नावाचे पाच पत्ते मागून घेतले आणि फरशीवर मांडू लागल्या. आधी कमला झाले. आम्ही काही बोललो नाही. थोडा वेळ पाहून त्यांनी शेवटचे दोन पत्ते आपल्या हाताने बदलले आणि म्हणाल्या, "ही मी."

भगिनींनो, पहिले आधारकार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आले, आणि ते घेणारी एक बाईच होती. आज आपल्या प्रत्येकीकडे ते आहे आणि त्यावर आपले नाव मराठीत आणि इंग्रजीत असे दोन्ही आहे. आपल्यापैकी किती जणींनी ते इंग्रजी नाव एकेक अक्षर करून वाचले आहे? आजच घरी जाऊन आधार, पासबुक आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि बोटाने अक्षर अक्षर ताडून पाहा. सुमनबाई असाल तर त्याच पाच अक्षरांचे इंग्रजीत 'माणूस' होते, ते एक वेळ चालेल. पण मायाबाईंनी विशेष सांभाळावे. एम आणि वाय यांनी जागा बदलल्या तर थेट यमाचे नाव होते! नवीन कागद करताना नाव टंकून झाले की पडदा आपल्याकडे वळवायला सांगा, आणि वाचल्याशिवाय 'बरोबर आहे' म्हणू नका. आधारवरचे नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते, म्हणून पहिल्यांदाच नीट पाहिलेले बरे.

शेवटी माझी एक विनंती आहे. मंडळाच्या खोलीत शनिवारी दुपारी आपण तासभर बसतोच. पुढच्या शनिवारी येताना प्रत्येकीने घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणि एक कात्री आणावी. आपण पत्ते कापू. पहिल्या दिवशी प्रत्येकीने फक्त आपले स्वतःचे नाव मांडायचे. दुसऱ्या शनिवारी टी, ई आणि ए हे तीन पत्ते घेऊ, आणि दर शनिवारी एकच पत्ता वाढवू. जो शब्द होईल त्याचा अर्थ मराठीत वहीत लिहू, आणि शंका आली तर मुलांच्या शब्दकोशात पाहू. मुलांना विचारायला लाजू नका. आपण त्यांना बाराखडी शिकवली. त्यांनी आपल्याला चार अक्षरे दाखवली तर फिटंफाट झाली.

वहीवर मात्र 'डायरी' मी लिहिणार नाही. ते काम चिटणीसबाईंनी करावे.